नाणे वाजवून, नोट पारखून

धान्याच्या व्यापाऱ्याचे निम्मे आयुष्य पारख करण्यात जाते. पोत्यात लोखंडी नळी खुपसून मूठभर गहू काढावा, तळहातावर पसरून फुंकर घालावी, दोन दाणे दाताखाली धरावेत. कटकन फुटले तर माल वाळलेला, नुसते दबले तर ओला, आणि मग भाव बोलावा. मॅट्रिकची परीक्षा देऊन आम्ही पेढीवर बसलो तेव्हापासून ही रीत पाळीत आलो आहोत. माल देणारा शेतकरी समोर उभा राहून ही पारख पाहत असतो व त्यात त्याला अपमान वाटत नाही. मालाची पारख अशी उघड्यावर करणारे आपण लोक, त्या मालाच्या मोबदल्यात हाती येणाऱ्या पैशाची पारख कशी करतो? या प्रश्नाने गेली काही वर्षे आमचा पिच्छा पुरविला आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने तो सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

आमच्या आजोबांच्या काळी हा प्रश्नच नव्हता. पेढीच्या उंबरठ्याशी एक काळा गुळगुळीत दगड असे, असे आमचे वडील सांगत. येणारा प्रत्येक चांदीचा रुपया त्या दगडावर वाजवून घ्यावयाचा. खणखणीत वाजला तर गल्ल्यात, बद्द वाजला तर ज्याचा त्याला परत. इनामदार असो की कूळ असो, रुपया सर्वांचा वाजत असे. त्यामुळे कोणी कोणावर रुसत नसे. पुढे चांदी गेली आणि कागद आला. कागद वाजत नाही. तो उजेडात धरून पाहावा लागतो, आणि ओळखीच्या माणसादेखत त्याची नोट उजेडात धरणे आम्हा व्यापाऱ्यांना जड वाटू लागले. संकोचाने पारख मागे पडली. त्या संकोचाची किंमत कोणाला मोजावी लागते, हे आम्ही आमच्याच उदाहरणाने सांगतो.

आमची चूक

सन २०१९ च्या जानेवारीतील गोष्ट. बेळगावच्या आमच्या पेढीवर एक जुने गिऱ्हाईक आले. वीस वर्षांचा घरोबा. जोंधळ्याच्या बाकीपोटी त्यांनी ५०० रुपयांच्या ७६ नोटा, म्हणजे ३८,००० रुपये, आमच्या हाती ठेवले. आम्ही नोटा मोजल्या. एकही उजेडात धरली नाही. चहा झाला, मुलाबाळांची चौकशी झाली, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी आमचे दिवाणजी बँकेत भरणा घेऊन गेले. तेथील रोखपालाने तीन नोटा बाजूला काढल्या, त्यांवर त्या बनावट असल्याचा शिक्का मारला, पोचपावती दिली आणि १,५०० रुपये वजा करून उरलेली रक्कम जमा केली.

दिवाणजी आमच्याकडे बावीस वर्षे होते. त्यांनी पोचपावती समोर ठेवली तेव्हा आम्ही म्हणालो, ‘‘दिवाणजी, नोटा घेताना डोळे कुठे होते?’’

ते म्हणाले, ‘‘मालक, काल पाचशेची नोट माझ्या हातून आत आलेली नाही.’’

हे उत्तर आम्हांस त्या वेळी उद्धटपणाचे वाटले. दोन गुमास्ते आणि चार हमाल ऐकत उभे होते. महिनाअखेरीस आम्ही १,५०० रुपये दिवाणजींच्या पगारातून कापून घेतले. ते काही बोलले नाहीत. पुढील महिन्यात ते बाजारातील दुसऱ्या पेढीवर रुजू झाल्याचे कळले.

आमच्या पेढीत रोजमेळाच्या समासात नोटांची फोड लिहिण्याची वडिलांपासूनची चाल आहे. मार्चअखेरीचा हिशेब मिळविताना ते पान आमच्या डोळ्यांपुढे आले. त्या दिवशीची इतर सारी जमा शंभराच्या व त्याहून लहान नोटांची होती. पाचशेच्या नोटांची नोंद एकच होती, ७६. आणि ती आमच्याच अक्षरात होती.

त्याच संध्याकाळी आम्ही दिवाणजींच्या घरी गेलो, पैसे पुढे ठेवले आणि चूक कबूल केली. ते म्हणाले, ‘‘पैशाचे काही नव्हते, मालक. हमालांच्या देखत झाले, तेवढेच मनात राहिले.’’

पाडव्याला वहीपूजनाच्या वेळी आम्ही त्यांना पेढीवर बोलाविले व त्याच हमालांच्या देखत क्षमा मागितली. महिन्याभराने ते परत आले. पहिल्याच दिवशी आम्ही गल्ल्यात टाकण्यासाठी त्यांच्या हाती पाचशेची एक नोट दिली, ती त्यांनी आमच्यासमोर उजेडात धरून पाहिली. आम्ही गप्प बसलो. बसणे भागच होते.

लेस्टरच्या दुकानात

या प्रकरणाचा खरा बोध मात्र आम्हांस पाच वर्षांनी, सातासमुद्रापलीकडे झाला. आमची कन्या व जावई इंग्लंडात लेस्टर येथे राहतात. एका जुन्या ख्रिस्ती प्रार्थनागृहाच्या वास्तूत जैन मंदिर झालेले आहे, तेच हे शहर. सन २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता तेथे दीड महिना होतो. एके दिवशी मूगडाळ आणण्यासाठी आम्ही एकटेच जवळच्या दुकानात गेलो आणि २० पौंडांची नोट पुढे केली. गल्ल्यावर विशीतली एक मुलगी होती. तिने नोटेवरून अंगठा फिरविला, नोट किंचित तिरपी केली, तिच्यातील पारदर्शक खिडकीतून आरपार पाहिले, आणि हसून मोड हातावर ठेवली. हे सारे होण्यास दोन-तीन क्षणही लागले नसतील.

आम्हांस राग आला. पांढऱ्या केसांच्या, चाळीस वर्षे पेढी चालविलेल्या माणसाची नोट ही पोर तपासते! डाळीची पिशवी घेऊन आम्ही मुद्दाम बाजूला उभे राहिलो. आमच्या मागे एक वृद्ध इंग्रज गृहस्थ होते. मुलीने त्यांचीही नोट तशीच तिरपी केली. त्यांच्या मागे शाळकरी मुलगा पाच पौंडांची नोट घेऊन उभा होता. त्याचीही तीच गत. कोणी भुवई उंचावली नाही. तेव्हा आमच्या ध्यानात आले की, ही मुलगी आजोबांच्या दगडावर रुपया वाजवीत आहे.

प्लास्टिकची नोट कशी जन्मली

रात्री जावयांनी निरनिराळ्या किमतींच्या नोटा जेवणाच्या मेजावर मांडल्या व आमची शिकवणी घेतली. या नोटा कागदाच्या नाहीत. पॉलिप्रोपिलीन नावाच्या ज्या प्लास्टिकची विणलेली पोती आज आपल्या वखारीत तागाच्या पोत्यांशेजारी दिसतात, त्याच जातीच्या द्रव्याचा तो अतिशय पातळ, पारदर्शक पापुद्रा होय. त्याच्या दोन्ही अंगांस पांढऱ्या शाईचा लेप देतात व त्या लेपावर छपाई करतात. जेथे लेप मुद्दाम दिलेला नसतो तेथे आरपार दिसणारी खिडकी राहते. कागदावर रंगीत प्रत काढणाऱ्या यंत्राला चित्र उतरविता येते, खिडकी उतरविता येत नाही; या नोटेचे मर्म ते हेच.

या शोधाचे मूळ एका फसवणुकीत आहे. सन १९६६ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाने पौंड सोडून दशमान डॉलर स्वीकारला, आणि ते वर्ष संपण्यापूर्वीच १० डॉलरच्या बनावट नोटा बाजारात आल्या. तेव्हा तेथील रिझर्व्ह बँकेने शास्त्रज्ञांना हाताशी धरले. वीस वर्षांच्या खटपटीनंतर १९८८ साली १० डॉलरची पहिली प्लास्टिक नोट निघाली, आणि १९९६ पर्यंत त्या देशाच्या सर्व नोटा प्लास्टिकच्या झाल्या. बँक ऑफ इंग्लंडने ही वाट पुढे धरली. सप्टेंबर २०१६ मध्ये ५ पौंडांची, सप्टेंबर २०१७ मध्ये १० पौंडांची, फेब्रुवारी २०२० मध्ये २० पौंडांची व जून २०२१ मध्ये ५० पौंडांची प्लास्टिक नोट निघाली. कागदी २० व ५० पौंडांच्या नोटांचे चलन ३० सप्टेंबर २०२२ नंतर संपले. आम्ही तेथे होतो त्याच उन्हाळ्यात, ५ जून २०२४ पासून, राजे चार्ल्स यांची मुद्रा असलेल्या नोटा निघू लागल्या. दिवंगत राणी एलिझाबेथ यांच्या मुद्रेच्या प्लास्टिक नोटाही त्यांच्या बरोबरीने चालू राहिल्या. म्हणून मुद्रा निराळी दिसली एवढ्यावरून नोट खोटी मानू नये.

पारख करण्याची रीत

आपल्या सभासदांपैकी अनेकांची मुले-नातवंडे इंग्लंडात आहेत व जाणे-येणे वाढले आहे. म्हणून २० पौंडांच्या नोटेची पारख क्रमाने सांगतो.

प्रथम स्पर्श. ‘बँक ऑफ इंग्लंड’ ही अक्षरे पुढील बाजूस उठावदार छापलेली असतात. ती अंगठ्याला जाणवली पाहिजेत. अंधांच्या सोयीसाठी वरच्या डाव्या कोपऱ्यात उंचवटलेल्या ठिपक्यांचे पुंजके आहेत : १० पौंडांवर दोन, २० वर तीन, ५० वर चार. ५ पौंडांच्या नोटेवर ते नाहीत. तेथे ते शोधून व्यर्थ शंका घेऊ नये.

दुसरी खिडकी. मोठ्या खिडकीवर राणीची वा राजाची मुद्रा छापलेली असते. तिच्यावरील धातूचा वर्ख पुढून सोनेरी व निळा दिसतो, नोट उलटली की तोच रुपेरी दिसतो. खालच्या कोपऱ्यात आणखी एक लहान खिडकी आहे. चित्रकार टर्नर यांची मुद्रा असलेल्या बाजूस जांभळ्या वर्खाचा गोल ठिपका असून त्यात इंग्रजी ‘टी’ हे अक्षर आहे.

तिसरी गोष्ट नोट हलविण्याची. खिडकीच्या बाजूला चकाकणारे होलोग्राम आहे. नोट तिरपी करताच त्यातील शब्द ‘ट्वेंटी’चा ‘पाउंड्स’ होतो. १० च्या नोटेवर ‘टेन’चा, ५ च्या नोटेवर ‘फाइव्ह’चा तसाच पालट होतो. जवळच मुकुटाचे चित्र असलेला रुपेरी वर्ख आहे. तो मुकुट सपाट नव्हे, तर उठून आलेला भासतो. स्थिर चित्राची नक्कल करणे सोपे, हलत्या चित्राची कठीण. म्हणूनच दुकानातील मुलीने नोट तिरपी केली होती.

चौथी गोष्ट दिव्याची. अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली नोटेचा इतर भाग मंद राहतो व २० हा आकडा तांबड्या-हिरव्या रंगात झळकतो.

यांपैकी कोणत्याही एकाच खुणेवर विसंबू नये. कागद कापून त्यात प्लास्टिकचा तुकडा चिकटविणारे लोकही असतात. खिडकी आहे म्हणजे नोट खरी, असे नव्हे. खिडकी व होलोग्राम या दोन खुणा एका नजरेत पाहिल्या की बहुतेक काम होते. शंका वाटल्यास खात्रीची दुसरी नोट शेजारी धरून ताडून पाहावी. खऱ्या-खोट्या कागदाची खूण पटविणारी शाईची लेखणी पुष्कळ दुकानांत असे. ती साध्या कागदातील खळ ओळखते; प्लास्टिकच्या नोटेपुढे तिचा उपयोग नाही. मोजणाऱ्यांनी आणखी एक जाणावे : कोऱ्या नोटा एकमेकींना चिकटतात, तेव्हा एकीच्या जागी दोन जाऊ देऊ नयेत, आणि विस्तवाजवळ अगर इस्त्रीखाली नोट गेली तर ती आखडते.

येथे एक गोष्ट आपल्या समाजापासून लपवून ठेवणे बरे नव्हे. सन २०१६ च्या नोव्हेंबरात असे उघड झाले की, या प्लास्टिकच्या घडणीत जनावरांच्या चरबीपासून केलेल्या पदार्थाचा अत्यल्प अंश वापरला जातो. शाकाहारी मंडळींनी व हिंदू, शीख, जैन बांधवांनी निषेध केला. लाखावर लोकांनी विनंतीअर्जावर सह्या केल्या. बँकेने लोकांची मते मागविली, पाम तेलाच्या पर्यायाचा विचार केला, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये घडणीत बदल न करण्याचा निर्णय जाहीर केला. हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी हातातली नोट मेजावर ठेविली व हात धुतले. कन्येच्या घरी मंदिराचे दान नोटांनी न देता धनादेशाने देतात. व्यवहारात ती नोट टाळणे तेथे राहणाऱ्याला सोपे नाही. ज्याने त्याने आपल्या विवेकाने ठरवावे. परंतु वस्तू खरी की खोटी एवढे पाहून पारख संपत नाही, ती कशाची आहे हेही विचारावे लागते, हे त्या रात्री आम्ही शिकलो.

आपल्या घरची नोट

आपल्याकडेही १० रुपयांच्या प्लास्टिक नोटांचा प्रयोग कोची, म्हैसूर, जयपूर, सिमला व भुवनेश्वर या पाच शहरांत करण्याचे २०१४ साली सरकारने संसदेत सांगितले होते. तथापि आपल्या गल्ल्यात येते ती कापसाच्या कागदाचीच नोट. तिला पारदर्शक खिडकी नसली तरी खुणा कमी नाहीत, आणि पाहण्याची रीत तीच : स्पर्श, उजेड, हालचाल.

सन २०१६ पासूनच्या ५०० रुपयांच्या नोटेवर महात्मा गांधींची प्रतिमा व अशोकस्तंभ हाताला उठावदार लागतात. दोन्ही कडांस पाच-पाच उठावदार तिरप्या रेघा असतात. नोट उजेडासमोर धरली की कोऱ्या जागेत गांधीजींची जलमुद्रा व ५०० हा आकडा दिसतो, आणि पुढील व मागील बाजूंची अर्धवट छपाई जुळून ५०० चा आकडा पुरा होतो. नोट तिरपी केली की ‘भारत’ अशी अक्षरे असलेला सुरक्षाधागा हिरव्याचा निळा होतो. खालच्या उजव्या बाजूचा ५०० हा आकडाही तसाच रंग पालटतो. नोटेच्या क्रमांकातील आकडे डावीकडून उजवीकडे आकाराने वाढत जातात. आमच्या त्या तीन नोटांचे धागे रंग पालटत नव्हते, असे रोखपालाने दिवाणजींना दाखविले होते. म्हणजे नोट एकदा तिरपी केली असती तरी पुरे होते. परंतु आम्ही घरोबा पाहिला, धागा पाहिला नाही.

बनावट नोट बँकेत आली तर ती शिक्का मारून जप्त करावी, पोचपावती द्यावी, व तिचे पैसे देऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. एकाच भरण्यात चारपर्यंत अशा नोटा निघाल्या तर त्यांची माहिती महिन्याच्या एकत्रित अहवालातून पोलिसांकडे जाते. पाच किंवा अधिक निघाल्या तर गुन्हा नोंदविला जातो. म्हणून नुकसान टाळण्याची वेळ नोट हातात येते तेवढीच असते. एकदा देणारा उंबरठा ओलांडून गेला की ती नोट आपली झाली.

येथेच मोह उभा राहतो. १,५०० रुपये बुडाले असे दिसताच मनात येते, आपल्याला आली तशी पुढे ढकलावी; गर्दीच्या वेळी कोण पाहतो? जाणूनबुजून तसे करणे कायद्याने गुन्हा आहे, आपल्या देशात व इंग्लंडातही. आपल्यासाठी त्याही आधीचा कायदा आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत खोट्या मापतोलाच्या शेजारीच ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे खऱ्यासारखे दिसणारे खोटे चालविणे, हा अतिचार गणला आहे. पुढे ढकललेली नोट फिरत फिरत शेवटी अशाच्या हाती येते, ज्याला ती पुढे ढकलता येत नाही : आठवड्याची मजुरी घेणारा हमाल, बाजारात भाजी विकणारी बाई, नाहीतर नोकरीच्या भीतीने गप्प राहणारा एखादा दिवाणजी. आम्ही ती नोट बाजारात ढकलली नव्हती हे खरे. तिचा भार मात्र आम्ही ढकललाच होता.

लेस्टरहून परतल्यावर आम्ही पेढीत तीन नियम केले. शंभर रुपयांवरची प्रत्येक नोट देणाऱ्याच्या समक्ष पारखावयाची. ती कोणाची आहे हे पाहावयाचे नाही, मालकाचीही त्यात आलीच. शंका आली तर आवाज न चढविता, ‘‘एवढी बदलून द्या’’ असे म्हणावयाचे. कारण आणणारा बहुधा स्वतःच फसलेला असतो. आणि चुकून आत आलीच, तर तिचे नुकसान पेढीच्या खर्ची पडेल, नोकराच्या पगारातून नव्हे. गल्ल्याशेजारी आम्ही एक दिवा लावून घेतला आहे.

ज्या जुन्या गिऱ्हाइकाकडून त्या तीन नोटा आल्या होत्या, ते गृहस्थ गेल्या दिवाळीत हिशेब पुरा करावयास आले. दिवाणजींनी त्यांची एकेक नोट दिव्याखाली तिरपी केली. पाहुण्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही आजोबांच्या काळ्या दगडाची गोष्ट त्यांना सांगितली. ते हसले व म्हणाले, ‘‘वाजवून घ्या, शेटजी, वाजवून घ्या. आमच्या दुकानातही असा एक दिवा लावायला पाहिजे.’’

नोटा साऱ्या खऱ्या निघाल्या. चहा झाला, मुलाबाळांची चौकशी झाली, आणि घरोब्याला काही उणे आले नाही.